सातानं गुणल्यावर

"हरलास तर बिरूनं मेंढरासारखं कातरायचं तुला. भर खळ्यात," कोंडिबा म्हणाला.

"कबूल," मी म्हणालो. "आन् तू हरलास तर गाडी भरायची. आजच."

धोंडावहिनीनं पदर तोंडाशी नेला. धरणाचं पाणी खालच्या शेतात शिरलं होतं. आमच्या आळीत घरं सहा. गाव सोडायला पाचांच्या गाड्या भरून उभ्या होत्या. वहिनीचा नवरा, कोंडिबा, मात्र खळ्यावर बसला तो बसलाच. पैज म्हटल्यावर तेवढा उठला. एकाच पंतोजीच्या छड्या खाल्लेले आम्ही. त्याची ही खोड मला पक्की ठाऊक.

आज त्या खळ्यावर पुरुषभर पाणी असेल. तरी ती दुपार कशी लख्ख दिसते.

मी काठीनं धुळीत आकडा काढला: १४२८५७. जत्रेतल्या एका जादूवाल्याकडून उचललेला. मग घरटी एक माणूस, धनगरांच्या गजाच्या नाचाला उभे राहतात तसं, गोल उभं केलं आणि आकडे वाटले. बिरू धनगर एक, मी चार, सारजाकाकू दोन, असं करत शेवटचा सात कोंडिबाला.

"कशानंबी गुण, हीच मानसं ह्याच ओळीत ऱ्हानार. घे, दोननं गुण."

त्यानं गुणलं. २८५७१४.

"बघ! सारजाकाकू म्होरं झाली, बाकी रिंगण तसंच. तू बिरूच्या शेजारीच!"

तीननं गुणलं, मी पुढं. पाचाला तर खुद्द कोंडिबा पुढं. सहापर्यंत तीच माणसं, तीच ओळ.

"सरकारला कुटंबी न्हेऊन टाकू द्या, गड्या. आपुन हीच ऱ्हानार!"

वहिनी बैल सोडायला वळलीसुद्धा.

"थांब," कोंडिबा म्हणाला. "माझा आकडा सात ना? मग सातानं गुनतो."

जादूवाल्यानं सहापाशीच गबाळं आवरलं होतं. माझ्यासारख्या उचापत्याला तेव्हाच वास यायला हवा होता.

"नऊ, हातचे चार. नऊ, हातचे तीन..."

सहाच्या सहा नऊ.

"कुटं गेली सारजाकाकू? बिरू कुटं हाय? ह्यात मला मी दाव की, भिवाजी."

मी काठी टाकली.

"बस खाली," तो म्हणाला.

बिरूनं माझी मान गुडघ्यांत धरली. कातरीला लोकरीचा वास. "हालू नगंस बोकडा, कान जाईल!" मी बें बें केलं. सारजाकाकू हसून हसून खाली बसली. केस धुळीतल्या नवांवर पडत होते. आणि मग कोंडिबा हसला. ठसका लागेपर्यंत.

डोळे पुसत तो बायकोला म्हणाला, "जू आन गं."

"आरं, जिंकलास की तू!" मी गुडघ्यांतून ओरडलो.

"व्हय. पन तितं नव्या जागी, समद्या नवांत, ह्ये टकुरं तेवढं वळखू यील मला."

अर्धं डोकं व्हायचं होतं. कोंडिबा माझ्यापुढं उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी माझं तोंड घट्ट धरलं.

"बिरू," तो म्हणाला, "सावकास घे रं."