पट्टीबाबा आणि मामाचा थंड पाय

वारंगा फाट्यावर टायरच्या दुकानामागे एक पत्र्याचं शेड आहे. गुरुवारी तिथं अशी गर्दी लोटायची, की नांदेडच्या बसमधले लोक खिडकीतून डोकं काढून विचारायचे, "कोणाची सभा हाय हो?" सभा पायांची होती. कुणाचा घोटा चिघळलेला, कुणाची नडगी सडलेली, कुणाच्या टाचेतून पाणी वाहतंय. आणि या सगळ्या पायांच्या वर, गादीवर मांडी घालून बसलेला पट्टीबाबा.

"डाक्टर पाहून राहिला चामडी!" बाबा माइकवर गरजायचा. "आपुन पाहतो कर्म! मागच्या जन्मी ज्या पायानं गाईला लाथ हाणली, त्याच पायात किडा पडतो. किडा निघाला की कर्म निघालं. लाव रे कापूस!"

चेला जखमेवर कापूस ठेवायचा. बाबा डोळे मिटून फुंकर मारायचा. कापूस पितळी ताटातल्या पाण्यात झटकला की पांढरे किडे तरंगायला लागायचे. चेला हळूच ताट हलवायचा, किडे वळवळायचे आणि बाया तोंडाला पदर लावायच्या. मग मंतरलेली लाल पट्टी बोटांपासून गुडघ्यापर्यंत करकचून बांधली जायची. वर हुकूम सुटायचा, "रोज पाय भिंतीला वर टेकवून पडायचं. पट्टी सोडली तर कर्म वापस!"

प्रियदर्शनी हिंगोलीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. मामी चतुराबाईसोबत ती पहिल्यांदा शेडमध्ये गेली, तेव्हा ताटातले किडे पाहून तिला हसूच फुटलं. शिजवलेल्या शेवयांचे तुकडे होते ते! पण मामीचा पाय पाहून ती गप्प झाली. मामी वसमतला हळदीच्या अडतीवर दिवसभर उभ्यानं हळद चाळायची. घोट्याच्या वर, आतल्या अंगाला तिला एक जखम होती, वर्षानुवर्षं न भरणारी. बाबाची पट्टी बांधायला लागल्यापासून ती खरोखरच भरत आली होती.

कारण प्रियदर्शनीच्या लगेच ध्यानात आलं. उभं राहून राहून शिरा ढिल्या पडतात, रक्त पायात तुंबतं, आणि अशा जखमेला घट्ट पट्टी अन् पाय वर ठेवणं हाच इलाज असतो. वर्गात शिकवलं होतं. बाबाला ही गोष्ट कुठूनतरी सापडली होती, मंत्र नुसता वरून शिंपडलेला.

ती नर्सिंग शिकते हे मामीनं आधीच सांगून ठेवलं होतं, तेवढ्यात बाबानं तिला हेरलं. "नर्सबाई आल्यात! सांगा या लोकाला दोन शब्द."

माइक हातात आला. प्रियदर्शनी म्हणाली, "घट्ट पट्टी बांधणं शास्त्रीय आहे." शेवयांबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. टाळ्या कडाडल्या. आपण खोटं कुठं बोललो, अशी तिनं घरी जाताना स्वतःची समजूत घातली. अर्धं खरं बोलायला फार गोड लागतं, समोर माइक असला तर जास्तच.

दिवाळीनंतर तातेराव मामाच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. मामा म्हणजे तोंडात बिडी नाही असा क्षण नाही. प्रियदर्शनी कळमनुरीजवळच्या त्यांच्या गावी गेली, तेव्हा मामा खाटेवर पाय खाली सोडून बसला होता.

"चाललं की पोटरी आवळती बघ," तो म्हणाला. "रातीला पाय खाली सोडला की जरा बरं वाटतं."

"बघू," म्हणत ती खाली वाकली. मामानं झटकन पाय मागं घेतला.

"अगं, काहून पायाला हात लावून राहिली? भाचीच्या पाया मामानं पडायचं असतं. तुला हात लावू दिला तर मला पाप लागंल."

त्या घरात ही रीत फार कडक होती. भाची आली की मामा आधी तिच्या पाया पडायचा, मग बोलायचा. प्रियदर्शनीनं हट्ट करायला हवा होता. तिनं केला नाही. खरं सांगायचं तर जखमेला वास येत होता आणि हात लावावा लागला नाही याचं तिला बरंच वाटलं.

"मग याह्यलाबी पट्टी बांधावी का गं?" मामीनं विचारलं.

"बांधा की. तुमचा पाय बरा झालाच ना!"

बाबानं मामाला पट्टी बांधली. त्या रात्रीपासून मामा ओरडायला लागला. मामी धावत शेडवर गेली, तर बाबा म्हणाला, "कर्म निघून राहिलं बाई, दुखणारच. सोडू नको!" शेवटी शेजाऱ्यांनी कात्रीनं पट्टी कापली, तेव्हा बोटं काळी पडली होती.

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पट्टी बांधायच्या आधी पावलाची नाडी कोणी पाहिली होती का? पाय थंड आहे, हे कोणालाच कळलं नाही?"

मामीनं प्रियदर्शनीकडे पाहिलं. प्रियदर्शनी जमिनीकडे पाहत राहिली. मामीच्या पायात रक्त तुंबत होतं. मामाच्या पायात बिडीनं रक्तवाहिन्या अरुंद झाल्यामुळे ते पोचतच नव्हतं. जे थोडं पोचत होतं, ते पट्टीनं आवळून टाकलं. हा फरक तिनं परीक्षेत लिहिला होता आणि पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. मामाच्या पायाचा पंजा कापावा लागला.

"तुझी चूक न्हाई गं," मामा पलंगावरून म्हणाला. ते ऐकून ती बाहेर जाऊन ढसाढसा रडली. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

पुढच्या गुरुवारी ती जखमेवर लावायच्या तांबड्या आयोडिनची बाटली घेऊन शेडमध्ये गेली. नर्सबाई दिसताच बाबानं खुशीत माइक पुढे केला. प्रियदर्शनीनं सरळ ताटातला किडा उचलून तळहातावर घेतला आणि त्यावर आयोडिनचे थेंब टाकले. किडा निळाकाळा झाला.

"हा किडा न्हाई, शेवई हाय," ती म्हणाली. "पिठाच्या वस्तूवर हे औषध टाकलं की असाच रंग येतो."

बाबा बधला नाही. "कर्मच काळं, म्हणून किडा काळा!"

प्रियदर्शनीनं पुढच्या बाईच्या डब्यातला भात मागून घेतला. त्यावर थेंब टाकले. भातही निळाकाळा झाला. "आता या भातानं मागच्या जन्मी कोणाला लाथ हाणली, ते सांगा!"

शेड हसून दणाणलं. बाबाचा चेहरा उतरला, पण जीभ शाबूत होती. "अन् पट्टी शास्त्रीय हाय, हे माइकवर कोण बोललं होतं? तूच ना?"

हसू थांबलं. सगळे तिच्याकडे पाहू लागले.

"व्हय, मीच," ती म्हणाली. "माझ्या मामीला पट्टीचा गुण आला, मंत्राचा न्हाई. त्याच पट्टीनं माझ्या मामाच्या पायाचा पंजा गेला. पाय थंड असंल, पावलावर नाडी लागत नसंल, तर पट्टी म्हणजे फास हाय. अन् मी मामाचा पाय हातात न घेता 'बांधा' म्हणाले. शेवया तर मला पयल्याच दिवशी ओळखू आल्या होत्या. मी गप्प बसले. तुमच्यात आणखी कोणाला म्हाईत होतं?"

मग बाजूच्या चहावाल्या नेमसिंगनं मान खाली घालून हात वर केला. "चेला माझ्याच गॅसवर शेवया शिजवतो. गिऱ्हाईक वाढलं, म्हणून मीबी बोललो न्हाई."

त्याच्यामागून आणखी एक हात वर आला. मग एका म्हातारीचा. बाबा आणि चेला मागच्या पत्र्यातून कधी सटकले, ते कोणी पाहिलंसुद्धा नाही. लोक आपापल्या पट्ट्या सोडू लागले होते.

"मामीवाणी रक्त तुंबून झालेली जखम असंल, पाय गरम असंल, त्यायनं सोडू नका!" प्रियदर्शनी ओरडली. "आधी दवाखान्यात दाखवा. नाडी पाहिल्याबिगर कोणाकडून पट्टी बांधून घेऊ नका अन् कारण विचारल्याबिगर कोणाचं ऐकू नका. माझंबी न्हाई."