सर्वेशचं गाऱ्हाणं

अक्षताच्या गर्भाशयातले पहारेकरी जरा जास्तच कडक होते म्हणे. घाटकोपरच्या डॉक्टर मीरा यांनी तसं समजावलं होतं. दोन भ्रूण आत सोडले, दोन्ही टिकले नाहीत. तेव्हा त्यांनी अस्तराचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. तिथल्या प्रतिकारपेशी पाहुण्याला उंबऱ्यावरच अडवतायत, असा निकाल आला. ही तपासणी सगळेच डॉक्टर मानत नाहीत, हेही बाईंनी लपवलं नाही. "औषधाने पेशी शांत करायचा प्रयत्न करू. एक भ्रूण शिल्लक आहे. आणि यात तुझा दोष नाही हं."

दोष हा शब्द अक्षताच्या चांगलाच ओळखीचा. मुळात हा सगळा खटाटोप सर्वेशमुळे. त्याचे शुक्राणू नावापुरतेच होते. तो पहिला रिपोर्ट आला त्या दिवशी तो बाथरूममध्ये नळ सोडून रडला आणि बाहेर येऊन म्हणाला, "आईला सांगू नको ना गं." नाही सांगितलं. सासूबाई शेवंती या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना "आमच्या सुनेचंच काहीतरी अडलंय" म्हणत राहिल्या आणि ही मुकाट वाण वाटत राहिली. वेडीच! नवऱ्याची अब्रू झाकणं म्हणजेच प्रेम, असं तिला वाटायचं.

शेवटचा भ्रूण उद्या सोडायचा होता. कौलं परतायची म्हणून आईला घेऊन कोकणात गावी गेलेला सर्वेश आज एकटा विक्रोळीला परतणार होता. तो पोचायच्या आधी त्याच्या चुलतबहिणीने, अबोलीने पाठवलेला व्हिडिओ पोचला. खाली लिहिलं होतं, 'वहिनी, घाबरू नको, देव बघेल.'

देऊळ माणसांनी भरलेलं. देवापुढे नारळ ठेवलेला, आणि गावाच्या वतीने देवाशी बोलणारा मानकरी, गावकार, हात जोडून खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घालतोय.

"बा देवा म्हाराजा! ह्या सर्वेशान आज तुझ्यापुढे नारळ ठेवलो हा. ह्याच्या बायलेच्या पोटात गर्भ ऱ्हवना नाय. तिचाच रगात गर्भाक खाता. तिची काय चूकभूल झाली आसात ती पदरात घे, आणि ह्याची येल वाढव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. पुढच्याच रांगेत, आईच्या बाजूला उभा राहून, सर्वेशही ओरडला. घसा ताणून.

अक्षताने मोबाइल पालथा ठेवला. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पोटातल्या पेशींची गोष्ट तिने नवऱ्याच्या कुशीत रडत सांगितली होती, आणि याने ती गावजेवण वाढावं तशी वाटली!

दुपारी तो आला, प्रसादाची पुडी पुढे करत. तिने ती घेतली नाही, व्हिडिओ लावला. तो पहिल्याच ओळीला खाली बसला.

"आईनेच ठरवलं गं. ती विचारायला लागली, दोनदा का फुकट गेलं. मी सांगून टाकलं."

"काय सांगितलंस? माझं. आणि तुझं?"

"सगळा गाव उभा होता यार. तिथे माझं कसं बोलणार?"

"मग माझं कसं बोललास?"

"तू कुठे होतीस तिथे?"

इतकं साधं उत्तर. यात काही वाईट आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. ती समोर नसली की तिची लाजही नसते, असा त्याचा हिशेब. अक्षताला एकदम जाणवलं की उद्याचं ते मूल तिला नकोय. ज्याच्यासाठी तिने पोटात सुया टोचून घेतल्या, तेच मूल! व्हिडिओपेक्षा या जाणिवेनेच ती हादरली. सर्वेशने तिची हौसच मारली होती.

तिने क्लिनिकला फोन लावला.

"डॉक्टर, उद्या नको."

"का गं? ताप वगैरे आहे का?"

"नाही. तब्येत ठीक आहे. पण मी येत नाही. भ्रूण राहू दे तसाच गोठवलेला. मी सांगेन तेव्हा बघू."

सर्वेश उठून उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

"अगं, वेड लागलं काय तुला? आईला काय सांगू मी?"

"पहिला रिपोर्ट सांग," अक्षता म्हणाली. "आणि गावकाराला पण बोलव."