भोंग्यातला खोकला

मुलांनो, जरा कल्पना करा. तुमची वस्ती डोंगराच्या कडेवर आहे, घरं एकमेकांच्या डोक्यावर बसल्यासारखी. वरच्याने चूळ टाकली की खालच्याने छत्री उघडायची. मधोमध तरुण मंडळाचा हॉल आणि त्याच्या छपरावर एक भोंगा. कुणाचं डुक्कर सुटलं, कोण वारलं, उद्या सकाळी कुदळी घेऊन कुठे जमायचं, सगळं त्या भोंग्यातून कळतं. कान किटतील म्हणता? आम्हा मिझो लोकांचे किटत नाहीत. उलट भोंगा दोन दिवस गप्प राहिला तर आम्हाला जेवण जात नाही.

भोंग्यामागचा आवाज पू झाखुमांचा. वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही पू म्हणतो आणि बाईला पी. पू झाखुमा आधी खाकरत, मग दोनदा खोकत, मग "वस्तीतल्या सर्व मंडळींनो" म्हणत आणि 'मंडळींनो'वर पुन्हा एकदा खोकत. हरवलेल्या डुकरासाठीही तोच थाट.

रुआती बारा वर्षांची. शाळा सुटली की तिचं बस्तान हॉलमध्ये. टेबल टेनिस ती तिथेच शिकली, थोडीफार गिटार तिथेच आणि मोठ्यांना उलट कसं बोलावं हेसुद्धा तिथेच. ती घरी नसली तर आई शोधत नसे; हॉलमध्ये नसली तर मात्र शोधत असे. आणि नकला! एकदा ती बाकावर उभी राहून पू झाखुमांची घोषणा करत होती. पोरं हसून लोळत होती. दारात खुद्द पू झाखुमा.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"एक खोकला राहिलाय," रुआती म्हणाली.

"तो घरी जाऊन खोक. आठवडाभर इथे पाऊल टाकायचं नाही."

तो आठवडा रुआतीला फार जड गेला. संध्याकाळी ती खिडकीला नाक लावून उभी राहायची आणि आतली पोरं मुद्दाम चेंडू जोरात मारायची. शिक्षेच्या शेवटच्या दिवशी पोरं चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेली होती. पू झाखुमा बायकोला घेऊन पलीकडच्या डोंगरावर मेव्हण्याकडे डुकराचं मटण चापायला गेले होते. माइकच्या खोलीला कुलूप कधीच नसे. रुआती आत शिरली, बटण दाबलं, खाकरली आणि दोनदा खोकली.

"वस्तीतल्या सर्व मंडळींनो, खों, उद्या सकाळी प्रत्येक घरातून एकाने कुदळ घेऊन माझ्या, म्हणजे झाखुमाच्या घरी यावं. चढताना माझे गुडघे दुखतात. मला पायऱ्या खोदून हव्यात. चहा मिळेल."

तुम्हाला वाटेल, लोक हसले असतील. कुणीही हसलं नाही. आमच्यात माणूस दुसऱ्यासाठी कबर खणेल, घर बांधेल, पण 'माझ्यासाठी या' असं मरतानाही म्हणणार नाही. तसं म्हणणं म्हणजे भर रस्त्यात कपडे काढणं. त्यामुळे भोंगा ऐकून वस्तीने आधी मान खाली घातली. मग घरोघरी कुदळीची शोधाशोध सुरू झाली. भोंग्याने बोलावलं की जायचं. का, ते विचारायचं नाही.

सकाळी पू झाखुमा बनियनवर, तोंडात ब्रश धरून बाहेर आले, तर अंगणाखालचा उतार अख्खी वस्ती खणत होती.

"हे काय चाललंय?"

"पायऱ्या," शेजारची पी बिआकी म्हणाली. "गुडघे कसे आहेत?"

"कुणाचे गुडघे?"

"लाजू नका आता. काल सगळ्या डोंगराला सांगून झालंय."

"अहो, मी मेव्हण्याकडे होतो!"

"असं? मग काल भोंग्यावर माझं डुक्कर खोकलं वाटतं!"

लोक गालात हसले आणि पुन्हा खणायला लागले. रुआती मजा बघायला निघाली होती, पण आईने तिच्याच हातात कुदळ दिली होती. ती मागे उभी राहून तोंड दाबून हसत होती. पू झाखुमांची नजर तिच्यावर गेली आणि तिथेच थांबली. त्यांना समजलं.

मंडळाचा अध्यक्ष किमा पुढे आला. "पू, माइक दुसऱ्या कुणी वापरला असेल तर नाव सांगा. त्याला हॉलचं दार कायमचं बंद. नियम आहे."

रुआतीचं हसू आटलं.

पू झाखुमांनी ब्रश तोंडातून काढला. "मीच बोललो," ते म्हणाले. "चहा ठेवतो."

"साखर आहे का ते आधी विचारा!" आतून बायको ओरडली.

पायऱ्या झकास झाल्या. चहा पिताना एकानेही पू झाखुमांकडे पाहिलं नाही. सगळे बिनसाखरेच्या चहात बघत होते.

संध्याकाळी ते हॉलमध्ये आले. रुआतीची शिक्षा संपली होती. ती टेबलाशी बॅट धरून उभी होती. ते तिच्याकडे न बघता किमाकडे गेले.

"उद्यापासून भोंग्यावर दुसरा कुणी बसव. स्वतःसाठी भोंगा वाजवणाऱ्याने तिथे बसू नये."

किमाने त्यांना थांबवलं नाही. थांबवण्यासारखं काही नव्हतंच. पू झाखुमा चढाला लागले. रुआती त्यांच्या पाठीकडे बघत राहिली.

"ए रुआती, सर्व्हिस कर की!" पोरं ओरडली. "आठवड्यात विसरलीस का?"

आठवडा. एका आठवड्यात तिला जीव नकोसा झाला होता, आणि किमा 'कायमचं' म्हणाला होता. ती गप्प राहिली तर कुणाला काही कळणारच नव्हतं.

"दमलीस का गं?"

रुआतीने बॅट टेबलावर ठेवली. ती माइकच्या खोलीत गेली. बटण दाबताच सवयीने खोकला घशाशी आला, तो तिने गिळला. मग आवाज फुटला तो तिचा स्वतःचा, बारीक आणि जरा चिरका.

"मी रुआती. कालचा खोकला माझा होता. पू झाखुमांचे गुडघे ठणठणीत आहेत. त्यांनी काहीच मागितलं नव्हतं. त्यांनी माझं नावही सांगितलं नाही. पी बिआकी, तुमच्या डुकराची पण माफी मागते."

तिने बटण बंद केलं, चपला घातल्या आणि कुणी सांगायच्या आधीच हॉलच्या दाराबाहेर जाऊन उभी राहिली.