अंबाजी सुधारले

अलिबागकडच्या खारेपाटात माणसाची तब्येत डोळ्यांनीच तोलतात, आणि सोनाबाईचा तराजू तर गावात नावाजलेला. समोरची बाई ओटीवर टेकायच्या आत तिचं अंग किती चढलं, किती उतरलं आणि ते माहेरच्या जेवणानं की सासरच्या, याचा निकाल लागलेला असायचा. अशा बाईला आपलाच नवरा दुसऱ्यांच्या तराजूत हलका भरलेला कसा सोसावा?

झालं होतं असं. अंबाजींनी उभा जन्म न्हावा शेव्याच्या गोदामात काढला आणि निवृत्त होऊन घरी टेकतात न टेकतात तोच छातीनं दगा दिला. झटका ओसरला, पण हृदय अशक्त राहिलं. पोयनाडला दवाखाना चालवणाऱ्या प्राप्ती डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्यातली सकाळची एक लघवीची. ती पोटात गेली की अंबाजींच्या मोरीकडे खेपा सुरू. पायांची सूज उतरली, दम लागायचा थांबला, पण गालफडं वर आली आणि सदरे खुंटीवर टांगल्यासारखे दिसू लागले. भाचीच्या मुलाच्या बारशाला नणंद चारचौघींत म्हणाली, "वयनी, दादाला जेवाया घालतेस, का नुसता वास देतेस?"

बायका हसल्या. सोनाबाईही हसली. घरी आल्यावर तिनं लघवीच्या गोळ्यांचं पाकीट पिठाच्या डब्यामागे सारलं.

तिचा विचार सरळ होता. खाल्लेलं अंगी लागायच्या आतच ही गोळी ते धुऊन नेते. शिवाय नळ कधी येईल याचा भरवसा नाही, आणि हा माणूस सकाळपासून मोरीत बादल्या ओततोय. बाकीच्या गोळ्या ती नेमानं देत राहिली, कारण त्यांनी तिचं काही बिघडवलं नव्हतं. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलं होतं, तेही ती पाळत होती. कालवणात मीठ अगदी चिमटीनं. मात्र ताटात भाकरीसोबत सुकट, नाहीतर भाजलेला सुका बोंबील. सुकट ही मासळी, तिला मीठ कोण म्हणणार?

आणि अंबाजी भरले. गाल भरले, पोट पुढे आलं, पाय तर असे की चपलेचा अंगठा चढेना. शेजारची जयमाला कुंपणावरून म्हणाली, "काकी, काका सुधारले गो."

"सुधारनारच," सोनाबाई म्हणाली. "हात कुनाचा हाय?"

त्याच आठवड्यात प्राप्ती डॉक्टरांचा फोन आला. कसे आहेत काका?

"लय सुधारलेत," सोनाबाई अभिमानानं म्हणाली.

"छान. मग चाललंय तेच चालू ठेवा," डॉक्टर म्हणाल्या. आणि सोनाबाईनं शब्दाला शब्द पाळून चाललं होतं तेच चालू ठेवलं.

पुढे अंबाजी आडवे होईनात. दुपारी भाताच्या पोत्याला पाठ लावून बसल्या बसल्याच डुलकी काढायचे. सोनाबाई म्हणायची, "बसून झोपाया तुमी काय पारावरचे वाटसरू हाव?" ते नुसते हात हलवायचे. उत्तर द्यायला दम पुरत नव्हता. सोनाबाईला ते भरल्या पोटाचं सुख वाटलं. एका सकाळी चहाचा कप हातात धरून ते म्हणाले, "सोने, छातीत..." आणि पुढचं वाक्य आलंच नाही. ओठ निळसर दिसले. मग तराजू-बिराजू कुठला, तिनं जयमालाला हाक मारली आणि दोघींनी त्यांना रिक्षात घातलं.

दवाखान्यात प्राप्ती डॉक्टरांनी आधी प्राणवायू लावला, शिरेत लघवीचं इंजेक्शन दिलं, अलिबागहून रुग्णवाहिका मागवली. मग अंबाजींच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला, पण खड्डा तसाच राहिला, मळलेल्या पिठात राहतो तसा.

"मावशी, हे काय?"

"अंग भरलंय," सोनाबाई म्हणाली, पण आवाजातली मालकी गेली होती.

"अंग नाही, पाणी भरलंय. फोनवर तुम्ही सुधारले म्हणालात ना?"

"सुधारलेच व्हते. साऱ्या गावानं पाह्यलंय."

डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मी ऐकलं बरे झाले. तुम्ही सांगत होता जाड झाले. लघवीची गोळी?"

सोनाबाईनं जयमालाकडे पाहिलं. जयमालानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. पिठाचा डबा कबूल करावा लागला, पाठोपाठ सुकटही.

डॉक्टर रागावल्या नाहीत, ते तिला जास्त लागलं. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे नळाला बारीक धार आली की काय करता?"

"भरून ठेवते. हंडे, कळश्या, असेल नसेल ते भांडं."

"काकांच्या मूत्रपिंडांनी तेच केलंय. हृदयाचा पंप थकलाय, म्हणून मूत्रपिंडांकडे रक्त बारीक धारेनं पोचतं. त्यांना वाटतं टंचाई आली. मग ती अंगातलं मीठ धरून ठेवतात, आणि मिठामागं पाणी राहतं. टंचाई नाहीच, पंप मंद आहे. साठवलेलं पाणी पायात उतरतं, माणूस आडवा झाला की छातीत चढतं. ती गोळी त्यांना हंडे ओतायला लावते. तुम्ही गोळी काढलीत, वर सुकटीतून मीठ घातलंत."

सोनाबाई हळूच म्हणाली, "म्हंजे ती पन माझ्यासारखीच हावरी." आणि लगेच, "जगतील ना वो?"

"इंजेक्शन लागू पडलं तर गाडी यायच्या आत कळेल."

तिनं देवाला काय मागितलं असेल? नवरा, आयुष्य, सौभाग्य नव्हे; लघवी. जन्मभर पाणी साठवलेल्या बाईनं पाणी जावं म्हणून हात जोडले. रुग्णवाहिकेचा भोंगा रस्त्यावर ऐकू आला तेव्हा अंबाजींनी डोळे उघडले आणि कुरकुरत म्हणाले, "मोरी कुठं हाय?"

डॉक्टरांनी त्यांना उठू न देता भांडं दिलं. जयमाला तोंड फिरवून हसली. सोनाबाई पदर डोळ्यांना लावून बसली.

अलिबागच्या इस्पितळातून ते घरी परतले ते निम्म्यानं कमी होऊन. हृदय होतं तेवढंच अशक्त होतं, डॉक्टरांनी ते लपवलं नाही. पण गोळी आणि पथ्य सांभाळलं तर पुष्कळ पावसाळे बघतील म्हणाल्या. सोनाबाईनं वजनकाटा आणला आणि नवऱ्याला रोज चहाआधी त्यावर उभं करायला लागली. वजन चढलेलं दिसलं की डॉक्टरांना फोन, आणि बोलणंही नेमकं: "सूज हाय, दम न्हाय." नणंद बघायला आली, भावाला पाहून तिनं तोंड उघडलं, सोनाबाईनं त्यात लाडू घातला.

दुपारी ताट पुढे आलं तसे अंबाजी म्हणाले, "यात चव न्हाय गो."

"लिंबू पिळा."

"एक बोंबील? येवढासा?"

"बोंबील मिळनार न्हाय. लसनाची चटनी हाय, बिनमिठाची."

"इस्पितळात बरं जेवन व्हतं," म्हणत त्यांनी ताट संपवलं आणि चटईवर लवंडले. पुढची तक्रार अर्ध्यावर असतानाच घोरायला लागले, पाठ जमिनीला टेकवून, सरळ. सोनाबाई भांडी न घासता तिथंच बसली. त्यांची छाती संथ वर जायची, संथ खाली यायची. जयमालानं दारातून विचारलं, "काकी, झोपले का?"

सोनाबाईनं ओठांवर बोट ठेवलं आणि तिला आत बोलावून बघायला बसवलं.