दोन छत्र्या आणि एक जिना

शनिवारी सकाळी सव्वादहा वाजता राणीच्या बागेत माणसे दोन छत्र्यांपाशी जमली. सगळी एकाच गटातली होती. एक छत्री दगडाची होती. दुसरी मी.

ही हकीकत सांगण्याआधी माझी ओळख करून देणे भाग आहे. मित्रांनो, मी एक जुनी पोपटी छत्री आहे. राजधानीतली राजेशाही ठिकाणे पायी फिरून दाखवणाऱ्या एका गाईडबाईच्या हातात माझे सारे आयुष्य गेले. जे पाहिले तेच सांगेन. जे ऐकीव आहे, ते ऐकीव म्हणूनच सांगेन.

माझ्या जन्माची बातमी ऐकीव आहे. कारखान्यात काळ्या कापडाचा तागा संपला आणि उरलेल्या सांगाड्यावर कोणीतरी हाताशी होते ते पोपटी कापड चढवले, असे दुकानदार गिऱ्हाइकांना सांगत असे. दुकानात काळ्या छत्र्यांच्या रांगेत मी एकटीच अशी होते. लोक मला उघडत, हसत आणि मिटून परत ठेवत. एका बाईने तर नवऱ्याला विचारले, "ही घेऊन बाहेर पडलास, तर मी तुझ्या शेजारून चालेन असं वाटतं का तुला?"

मग एके दिवशी एक तरुण मुलगी आली. तिने मला डोक्यावर उंच धरले, दुकानाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन आरशात पाहिले आणि म्हणाली, "हीच द्या. ही कुठल्याही गर्दीतून दिसेल."

तीच आमची गाईडबाई.

छत्रीचे काम ऊन-पाऊस अडवणे, असे तुम्हाला वाटत असेल. माझे काम दिसणे हे होते. मोठ्या दरवाज्यापासून राजवाड्यापर्यंत गाईडबाई मला उंच धरून पुढे चाले आणि मागून माणसे येत. पाऊस आला की सगळ्यांच्या छत्र्या उघडत आणि मी मिटत असे. उघड्या छत्र्यांच्या समुद्रात उघडी छत्री कोणाला ओळखू येणार? म्हणून ती मला घट्ट मिटून भाल्यासारखी वर धरी. अशा वेळी आम्ही दोघीच भिजत असू. छत्री असून भिजणारी मालकीण आणि मालकीण असून भिजणारी छत्री, अशी आमची जोडी होती.

तिच्या गोष्टी मला पाठ झाल्या. मोठ्या दरवाज्याच्या पोटातली दिंडी इतकी बुटकी, की आत येताना राजाच्या काकालाही वाकावे लागे. काका रुसला आणि पुढे आयुष्यभर मागच्या दाराने आला. चौकातल्या पुतळ्याचा घोडा इतका देखणा, की वर बसलेल्या राजाकडे कोणी बघतच नाही. राजा होता ठेंगणा, म्हणून सज्जात उभे राहून प्रजेला हात दाखवताना त्याच्या पायाखाली घडवंची ठेवत. ही घडवंची आली की लोक हमखास हसत, आणि त्या हशात माझ्या काड्यासुद्धा थरथरत.

कौतुकही वाट्याला आले. सहलीला आलेल्या एका मुलीने घरी जाऊन राजवाड्याचे चित्र काढले आणि गाईडबाईला पाठवले. त्यात राजवाडा काडेपेटीएवढा होता आणि मी पानभर. ते चित्र अजून स्वयंपाकघरात लावलेले आहे.

उपेक्षेचा काळही सांगितला पाहिजे. मध्यंतरी गाईडबाईच्या पर्यटन कार्यालयाने सगळ्या गाईडना एकसारखे निळे झेंडे दिले. मी दारामागच्या कोपऱ्यात गेले. तिथे मी सासूबाईंच्या ताब्यात आले. सासूबाई म्हणजे गाईडबाईच्या सासूबाई. त्यांनी माझ्या वाकड्या मुठीने फळीवरचे डबे खाली ओढले आणि टोकाने खिडकीतले मांजर हाकलले. मांजर मला भीत नसे. राजघराण्याची ठिकाणे दाखवलेल्या छत्रीची ही अवस्था! पण तक्रार करत नाही. त्या दिवसांत निदान मी घरातली भांडणे नीट ऐकली, आणि ती पुढच्या हकिकतीला उपयोगी आहेत.

झेंड्यांचा कारभार फार टिकला नाही. सगळ्यांचे झेंडे सारखे, त्यामुळे राजवाडा पाहायला निघालेला एक अख्खा गट दुसऱ्याच झेंड्यामागे जाऊन जलशुद्धीकरण केंद्र पाहून आला. तिथे त्यांनी नळाचे पाणी पिऊन वा वा केले म्हणे. हे ऐकीव आहे. दुसऱ्या दिवशी गाईडबाईने मला कोपऱ्यातून काढले, धूळ झटकली, मोडलेली काडी छत्रीवाल्याकडून बसवून घेतली आणि आम्ही पुन्हा कामाला लागलो.

आता शनिवाराकडे येते.

शनिवारी संध्याकाळपर्यंत गाईडबाईला कार्यालयातल्या साहेबांना एक उत्तर द्यायचे होते. राजवाड्याच्या तिकीटखिडकीतली जागा रिकामी झाली होती. ती घेतली, तर पायपीट कायमची संपणार होती. आणि पायी फेरीही संपणार होती, कारण ती चालवायला कार्यालयाकडे दुसरे कोणी नव्हते.

सासूबाईंचे मत पक्के होते. "खुर्ची आहे, पंखा आहे, डोक्यावर छप्पर आहे," त्या रोज म्हणत. "आणि तू उन्हातान्हात छत्री नाचवत फिरतेस. छत्री असून डोक्यावर धरत नाहीस, हे तर माझ्या डोक्यातच शिरत नाही."

"आई, ते कामच तसं आहे."

"कसलं काम? भटकणं ते!"

गाईडबाई यावर नेहमी वाद घाली. या आठवड्यात घातला नाही. तिची टाच दुखत होती, आवाज बसत होता, आणि रात्री ती पाय गरम पाण्यात सोडून बसे. मी दाराशी उभी राहून हे पाहत होते.

शुक्रवारी सासूबाई म्हणाल्या, "उद्या मी येते तुझ्याबरोबर. बघू तरी दिवसभर काय करतेस ते." पुरावा गोळा करायलाच त्या निघाल्या होत्या. मुलाचे जुने कापडी बूट त्यांनी मोजे चढवून पायात घट्ट केले आणि शनिवारी सकाळी मोठ्या दरवाज्यापाशी गटात पहिल्या रांगेत उभ्या राहिल्या.

गाईडबाईने सुरुवात केली. "आपण आधी दरवाजा बघू, मग पुतळा, टांकसाळ, शाही तबेला, राणीचं स्मारक, आणि शेवटी राजवाडा."

"स्मारक कुठलं?" पहिल्या रांगेतून आवाज आला.

"राणीच्या बागेतलं, आई."

"मग छत्री म्हण की सरळ! राणीची छत्री. आमच्या लहानपणी कोणी स्मारक-बिमारक म्हणत नव्हतं."

सासूबाईंचे चूक नव्हते. राजघराण्यातल्या माणसाच्या आठवणीसाठी खांबांवर जो दगडी घुमट उभारतात, त्याला छत्रीच म्हणतात. पण आमच्या फेरीत छत्री म्हणजे फक्त मी. गोंधळ नको, म्हणूनच गाईडबाई त्या दगडी छत्रीला वर्षानुवर्षे स्मारक म्हणत आली होती. त्या दिवशी चारचौघांत सासूला कशाला दुखवा, म्हणून ती हसून म्हणाली, "बरं. राणीची छत्री."

उंच टोपी घातलेले एक काका गटात होते. ते शेजाऱ्याला म्हणाले, "आजची फेरी रंगणार."

दरवाजा, पुतळा, टांकसाळ, तबेला झाले. सासूबाई दिंडीतून वाकून गेल्या आणि राजाच्या काकाचा रुसवा ऐकून म्हणाल्या, "सगळ्या घरात एक असतोच असा." बागेत पोचल्यावर गाईडबाईने रोजच्यासारखे सांगितले, "आता थोडा वेळ मोकळे फिरा. सव्वादहाला सगळे छत्रीपाशी जमा. साडेदहाला राजवाड्यात आपली वेळ आहे. गट पूर्ण असल्याशिवाय पहारेकरी आत सोडत नाही."

आणि मला उंच धरून ती कारंज्यापाशी उभी राहिली.

सव्वादहाला अर्धेच लोक आले. उरलेले कुठेच दिसेनात. कारंजे आणि दगडी छत्री यांच्यामध्ये मेंदीसारख्या झुडपांची पुरुषभर उंच भिंत आहे, त्यामुळे पलीकडचे काही कळत नव्हते. गाईडबाईने माणसे मोजली, पुन्हा मोजली. मग तिचा चेहरा उतरला.

"आई कुठायत?"

कोणालाच माहीत नव्हते. तिची मुठीवरची पकड घट्ट झाली, हे मी खात्रीने सांगू शकते. गुडघे दुखणारी म्हातारी बाई, मोठी बाग, मागच्या बाजूला तळे. आलेल्यांना तिथेच थांबायला सांगून ती निघाली. दुखऱ्या टाचेने ती धावत होती आणि मी वाऱ्याने फडफडत होते.

झुडपांची भिंत संपली आणि आधी हसण्याचा आवाज आला.

दगडी छत्रीच्या पायऱ्यांवर गटातली उरलेली माणसे बसली होती. सगळ्यांत वरच्या पायरीवर, बूट काढून, सासूबाई बसल्या होत्या.

"तर राणी खालच्या मजल्यावर आणि तिची सासू वरच्या," त्या सांगत होत्या. "दोघींची तोंडं दोन दिशांना. राजा बिचारा काय करणार? आईकडे जेवला तर बायको रुसायची, बायकोकडे जेवला तर आई. शेवटी तो मधल्या जिन्यावर ताट घेऊन बसायला लागला!"

"कुठल्या पायरीवर?" टोपीवाल्या काकांनी विचारले.

"बरोबर मधल्या. एक जरी वर सरकला, तरी खालून हाक यायची."

पुन्हा हशा पिकला. तेवढ्यात सासूबाईंनी आम्हाला पाहिले. "काय गं ही वेळ? छत्रीपाशी जमा म्हणालीस आणि स्वतःच उशिरा! मी म्हटलं, माणसं खोळंबलीयत, दोन शब्द बोलावे."

गाईडबाईला धाप लागली होती. रागवावे की हसावे, हे तिचे ठरत नव्हते.

"आई, छत्रीपाशी म्हणजे... या छत्रीपाशी!" तिने मला पुढे केले.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले, मग डोक्यावरच्या घुमटाकडे पाहिले. "मग तसं सांगायचं. दोघींत मोठी कोण, ते दिसतंय की."

टोपीवाल्या काकांनी हात वर केला. "बाई, ही जिन्याची गोष्ट खरी का हो?"

सगळ्यांनी गाईडबाईकडे पाहिले. सासूबाई बूट चढवून नाडी बांधण्यात अचानक फार गुंतल्या. गाईडबाईने कधी खोटी गोष्ट सांगितलेली नाही. घडवंचीसुद्धा वस्तुसंग्रहालयात ठेवलेली आहे. ती म्हणाली, "या गोष्टीला कुठलाही पुरावा नाही."

सासूबाईंची नाडी बांधून होईना.

"पण जिना आहे," गाईडबाई म्हणाली. "राणी खाली राहायची, सासू वर, हेही खरं. चला, दाखवते."

मित्रांनो, त्या दिवशी सिंहासनापुढे कोणी रेंगाळले नाही. कारंज्यापाशी थांबलेल्यांना घेऊन, पहारेकरी दार लावत असतानाच आम्ही आत शिरलो आणि सगळा गट थेट जिन्याकडे गेला. माणसे मधली पायरी शोधू लागली. पायऱ्या सम संख्येत निघाल्या, त्यामुळे नेमकी मधली सापडेना, आणि राजाने दोन पायऱ्यांवर मिळून बसायचे की आलटून पालटून, यावर जोरात चर्चा झाली. गाईडबाई कठड्याला टेकून हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बसलेल्या आवाजाने हसताना ती करकर वाजते, माझ्या जुन्या खटक्यासारखी.

परतताना पाऊस आला. इतरांच्या छत्र्या उघडल्या. गाईडबाईने मला मिटून वर धरले. सासूबाई आपली छत्री घरी विसरल्या होत्या. भिजत भिजत त्या बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "अस्सं. म्हणून मिटतेस होय?"

"हो, आई."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"रोज सांगत होते."

सासूबाईंनी पदराने तोंड पुसले. मग सासूबाई म्हणाल्या, "सगळे कसे तोंडाकडे बघत होते गं माझ्या. त्या खिडकीत बसून तू गोष्टी कुणाला सांगणार? काचेला?"

"काच निदान टाच दुखवत नाही, आई," गाईडबाई म्हणाली. ती हे गमतीत म्हणाली की मनापासून, ते मला सांगता येणार नाही.

मित्रांनो, वयाने मोठी म्हणून दोन गोष्टी सांगते. ओली छत्री मिटून कोपऱ्यात टाकू नका, काड्या गंजतात. आधी उघडून वाळवा, आणि एखादी काडी मोडली, तर छत्रीवाल्याला दाखवल्याशिवाय फेकू नका. आणि तुमच्या घरातले माणूस रोज दमून येत असेल, तर ते कुठे जाते हे एकदा त्याच्याबरोबर चालून बघा. लांबून सगळ्यांचेच काम भटकण्यासारखे दिसते.

हे सांगत असताना त्याच शनिवारी संध्याकाळचे सहा वाजले आहेत. मी दाराशी उघडी, वाळत पडले आहे. गाईडबाईचे पाय गरम पाण्यात आहेत आणि कानाला फोन आहे. "साहेब, त्या जागेबद्दल बोलायचं होतं," एवढे ती म्हणाली. पलीकडून साहेबांनी थांबायला सांगितले, आणि ती अजून थांबलेली आहे.

सासूबाईंनी आपले भिजलेले मोजे पिळून माझ्या मुठीवर वाळत घातले आहेत. सकाळपर्यंत वाळायलाच हवेत, असे त्या म्हणाल्या. कशासाठी, ते त्यांनी सांगितलेले नाही.