यूनुस ब्लॉक

"चार बाय दोन. निळ्यावर पांढरं. वर इंग्रजी, खाली अरबी. नेहमीसारखंच, मेस्त्रीकाका," मॅनेजरसाहेबांचे निरोप पोचवणारा प्रशांत म्हणाला आणि त्याने हातातला कागदाचा कपटा रंगाच्या डब्याखाली सरकवला, वाऱ्याने उडू नये म्हणून.

रामकृष्ण मेस्त्रीने कपट्याकडे पाहिलं. इंग्रजीत दोनच शब्द होते. यूनुस ब्लॉक.

"हे कोणाच्या डोक्यातून आलं?"

"साहेबांच्या. कालच्या मीटिंगमध्ये डोळे भरून आले होते त्यांचे, खरं सांगतो. नवीन ब्लॉकला यूनुसभाईंचं नाव. इथे आजवर कुठल्या ड्रायव्हरला असा मान मिळालाय, सांगा."

"मी नाही रंगवणार."

प्रशांत हसला. "ऊन लागलं की काय तुम्हाला?" तो बोलून गेला आणि लगेच त्याने जीभ चावली. कारण यूनुसला ऊन लागलं होतं, आणि त्याला पुरून अजून महिना झाला नव्हता. तो शब्द दोघांच्या मध्ये, टर्पेंटाइनच्या वासात, एखाद्या तापलेल्या पत्र्यासारखा पडून राहिला. उचलायला कुणीच वाकलं नाही.

ओमानातल्या इब्री गावापासून पुढे वाळूत बरंच आत, तेलविहिरींच्या रस्त्याचं काम करणाऱ्या कंपनीचा हा कॅम्प. पांढऱ्या पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा, आणि प्रत्येक रांगेच्या तोंडाशी रामकृष्णाने हाताने रंगवलेली पाटी. ब्लॅक हॉक. किओकक. वापेलो. पोवेशीक. कॅम्पचा मॅनेजर हॅल्वर्सन अमेरिकेतल्या आयोवा नावाच्या राज्यातला. मक्याची शेतं, लाल गोठे आणि सपाट क्षितिज मागे टाकून वाळवंटात आलेल्या त्या माणसाने पहिल्याच वर्षी रांगांचे आकडे पुसायला लावले आणि आपल्या राज्यातल्या काउंट्यांची, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या मुलखांची, नावं दिली. छापील पाट्या त्याला नको होत्या. त्याच्या गावी गोठ्यांवरची अक्षरं ब्रशने काढलेली असत.

कुडाळकडच्या सुतार-रंगाऱ्यांच्या घरातल्या रामकृष्णाचा हात असा की त्याला न कळणारी अरबी अक्षरंसुद्धा त्याच्या ब्रशातून बाहेर पडताना नुकतीच झोपेतून उठल्यासारखी ताजी दिसत. नावांचा अर्थ त्याने कधी विचारला नव्हता. ब्लॅक हॉक म्हणजे काळा ससाणा, एवढं त्याला एका टायपिस्टने सांगितलं होतं. म्हणून त्याने हौसेने त्या पाटीच्या कोपऱ्यात पंख पसरलेला एक ससाणा काढला. हॅल्वर्सन तो बघून पोट धरून हसला आणि म्हणाला, राहू दे. तेव्हापासून तो पक्षी तिथेच होता, उन्हाने विटत चाललेला, कुठेही न उडालेला.

त्याच ब्लॅक हॉकच्या शेवटच्या खोलीत रामकृष्ण आणि यूनुस राहत. यूनुस राजापूरकडचा, पाण्याचा टँकर चालवणारा. रस्ता बसावा, धूळ उडू नये म्हणून विहिरीचं मचूळ पाणी वाळूवर शिंपडत फिरायचं, हे त्याचं काम. त्या दिवशी दुपारची बंदी सुरू होती. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करून घ्यायला ओमानात कायद्याने मनाई आहे. यूनुस खोलीत जेवत होता, रामकृष्ण खाटेवर आडवा झाला होता, आणि फोन वाजला. हात भाताने भरलेला, म्हणून यूनुसने स्पीकर लावला.

"यूनुसभाई, यल्ला, निघा," प्रशांतचा आवाज होता. "साहेब म्हणतायत मस्कतहून पाहुणे येतायत, तेरा नंबरच्या रस्त्यावर पाणी मारून घ्या. गाड्यांवर धूळ बसायला नको."

"साब, अभी बंदी है ना. आणि केबिनचा एसी कधीपासून बंद आहे, तुम्हाला सांगितलंय."

"एक चक्कर हो. खलास. मी काय माझ्या मनाचं सांगतोय का?"

यूनुसने हात धुतला. दारातून वळून म्हणाला, "मेस्त्री, ताटावर झाकण ठेव रे."

टायर फुटलेल्या टँकरच्या सावलीत तो सापडला. टँकर काठोकाठ भरलेला होता. माणसाने प्यावं असं त्यात काही नव्हतं. पाहुण्यांच्या गाड्या दुसऱ्याच रस्त्याने आल्या. आणि कंपनीने सांगितलं की ड्रायव्हर काम लवकर उरकावं म्हणून, कुणालाही न विचारता, आपण होऊन गेला होता.

पाटीला नकार दिल्याचं ऐकून हॅल्वर्सनने रामकृष्णाला स्वतःच्या केबिनमध्ये बोलावलं. रागवायला नव्हे. त्याने स्वतःच्या हाताने कॉफी ओतली, भिंतीवरच्या आयोवाच्या नकाशापाशी त्याला नेलं आणि बोलू लागला. प्रशांत शेजारी उभा राहून मराठीत सांगत होता. रामकृष्णाला इंग्रजी निम्मंअर्धं कळत असे. कामापुरतं बोलता येई, भांडण्यापुरतं नाही.

"साहेब म्हणतायत, नाव देणं ही त्यांच्याकडे फार मोठी गोष्ट आहे. हे ब्लॅक हॉक बघा. हा तिथल्या मूळ लोकांचा पुढारी होता. साहेबांच्या लोकांविरुद्ध लढला."

"माणूस होता?"

"हो."

"मग तेव्हा मी पक्षी काढला, तेव्हा साहेब हसले कशाला?"

प्रशांतने त्याचं भाषांतर केलं नाही. हॅल्वर्सनचं बोट नकाशावरून सरकत होतं. किओकक हाही पुढारी, पण तो लढला नाही. वापेलो, पोवेशीक हेही त्यांचेच. आणि हा स्कॉट, हा अमेरिकन सैन्याचा सेनापती. युद्ध संपल्यावर यानेच त्या लोकांकडून जमिनीचा करार करून घेतला. लढला त्याचं नाव, नाही लढला त्याचं नाव, आणि जमीन ज्याने लिहून घेतली त्याचंही नाव. हॅल्वर्सनचा चेहरा खरोखर उजळला होता. यापेक्षा मोठं मन कोणतं, असं तो विचारत होता. शत्रूचं नाव आपण आपल्या मुलखाला दिलं.

"त्याला विचारा, त्या ब्लॅक हॉकची कबर कुठे आहे."

प्रशांतने विचारलं. हॅल्वर्सनने खांदे उडवले आणि एखादी जुनी गंमत सांगावी तसं सांगितलं. कबर होती, पण मेल्याच्या पुढल्याच वर्षी कुणीतरी ती उकरून हाडं पळवली. पुढे ती एका संस्थेच्या इमारतीत ठेवली होती. मग त्या इमारतीला आग लागली.

"आणि नाव कधी दिलं? हाडं पळवायच्या आधी की नंतर?"

"काका, कशाला उगाच..."

"विचारा."

हॅल्वर्सनने क्षणभर आठवलं. नंतर, तो म्हणाला. काही वर्षांनी.

रामकृष्णाने कॉफीचा कप, तोंड न लावता, नकाशाखालच्या मेजावर ठेवला. त्याच्या आत काहीतरी सावकाश उभं राहत होतं. संताप म्हणावा तर संतापाला आवाज असतो, हे नुसतंच उंच होत होतं, विहीर भरावी तसं. इतकी वर्षं तो ज्या खोलीच्या दाराशी चप्पल काढत आला होता, ती एका उकरलेल्या माणसाच्या नावाची होती आणि ते नाव त्याने स्वतःच्या हाताने, पक्ष्यासकट, सजवलं होतं. या लोकांची रीत त्याला आता स्वच्छ दिसली. आधी माणूस संपवायचा. मग त्याने काही बोलायची शक्यता उरली नाही याची खात्री करून घ्यायची. आणि मग निळ्यावर पांढरं.

"यूनुसला कोणी पाठवलं ते पाटीवर लिहा," तो म्हणाला. "नावाखाली. मग मी रंगवतो. फुकट, सुट्टीच्या दिवशी, सोनेरी बॉर्डर मारून रंगवतो."

"हे मी साहेबांना सांगू?"

"तुम्हाला जे पोचवायचं नसतं ते तुमच्या तोंडातून बाहेर येत नाही, ठाऊक आहे मला. पोचवायचं असतं ते मात्र जेवत्या माणसापर्यंतसुद्धा पोचवता."

प्रशांतचा चेहरा पांढरा पडला. मग तो हॅल्वर्सनकडे वळून म्हणाला की मेस्त्रीला दुःख फार झालंय, त्याला रंगवायला जमणार नाही. पाटी आपण इब्रीतून छापून आणू. हॅल्वर्सनने रामकृष्णाच्या खांद्यावर हात ठेवला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाला की मग निदान पाटी उघडायच्या दिवशी मित्राबद्दल दोन शब्द बोल.

संध्याकाळी मेसच्या मागच्या दारात वेंगुर्ल्याचा सागर कांदे सोलत बसला होता. वयाने धाकटा, पण मेसचा मुख्य आचारी; कॅम्पमधल्या साऱ्या बातम्या त्याच्या चुलीवरून उकळून पुढे जात.

"मेस्त्रीनू, तुम्ही गप रवा," तो म्हणाला. "आणखी दोन वर्सां काढा आनि घराक जावा. नोकरी गेली तर ह्या वयात तुमका कोण ठेवतलो?"

"यूनुस सुद्धा शेवटाक गपच रवलो."

"तो गेलो. तुमका जावचा आसा?"

रामकृष्णाने खिशात हात घातला. फोन थरथरत होता. राजापूरहून सफूरा, यूनुसची बायको. रडून रडून तिचा आवाज खरखरीत झाला असेल असं त्याला वाटलं होतं. पण त्यात राग होता, आणि तो मेलेल्या नवऱ्यावर होता.

"भाऊजी, मला एकच सांगा. त्यांना एवढी कसली घाई झाली होती? बंदी आहे, जाऊ नका, असं सगळे सांगत होते म्हणे. इथे तरी माझं कधी ऐकलं? सासूबाईंना सांगते, तुमचा मुलगा हट्टाने मेला."

"वहिनी," तो म्हणाला, "तो जेवत होता." आणि मग त्याने सगळं सांगितलं. फोन, भात, पाहुणे, धूळ, झाकण. आणि शुक्रवारच्या समारंभात आपल्याला दोन शब्द बोलायला सांगितल्याचंही.

 मग सफूरा म्हणाली, "मी त्यांना रोज शिव्या देत होते, भाऊजी." आणि थोड्या वेळाने, "हे तुम्ही तिथे बोलाल? सगळ्यांच्या समोर? नाहीतर मला सांगून काय उपयोग. मला त्यांचा हट्ट पुसून हवाय."

शुक्रवारी, ऊन उतरल्यावर, नव्या रांगेसमोर मांडव घातला गेला. पहिल्या ओळीत कोच, त्यामागे प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यामागे सतरंज्या. कोचावर मस्कतचे साहेब, हॅल्वर्सन आणि जवळच्या वस्तीतले एक म्हातारे ओमानी, शेख सुलेमान, ज्यांच्या टोळीचे उंट एकेकाळी या माळावर चरत. माळाला त्यांच्याकडे स्वतःचं एक नाव होतं. ते कुठल्याही पाटीवर नव्हतं. सतरंज्यांवर मल्याळी, बिहारी, पाकिस्तानी, बंगाली, नेपाळी. सागरने फोन उंच धरला होता. त्याच्या चौकटीत सफूराची ओढणी दिसत होती.

हॅल्वर्सनने दोरी ओढली. छापील अक्षरं प्लास्टिकसारखी चकाकली. तो घोगऱ्या आवाजात बोलला. यूनुस आता या कॅम्पमध्ये कायम राहील, तो म्हणाला. मग माइक रामकृष्णाकडे आला. प्रशांत दुसरा माइक घेऊन शेजारी उभा राहिला.

रामकृष्ण हिंदीत बोलला, वाळवंटात सगळ्यांनी मिळून बनवलेल्या त्या तुटक्या हिंदीत, जिच्यात कुणाचंच व्याकरण शाबूत नव्हतं आणि सगळ्यांनाच सगळं कळत होतं.

"यूनुस अपने मन से नहीं गया. वो खाना खा रहा था. बंदी का टाइम था. फोन आया, पानी मारो, मेहमान आता है, गाडी पे धूल नहीं गिरना मांगता. वो बोला, बंदी है, एसी बंद है. फिर भी भेजा. मैं उधर सोया था, मैंने अपने कान से सुना. उसको हट्टी मत बोलो. उसका बीवी सुन रहा है. भाभी, वो हट्टी नहीं था. उसको भेजा गया."

तो थांबला. मांडवाचं कापड वाऱ्याने फुगलं आणि पुन्हा खाली बसलं.

प्रशांतने माइक तोंडाशी नेला. रामकृष्णाने त्याच्याकडे पाहिलं. या माणसालाही घर होतं, हप्ते होते, शाळेत जाणारी मुलगी होती, आणि त्याचे ओठ कोरडे पडले होते. मग प्रशांत स्वच्छ, सुरेख इंग्रजीत म्हणाला, "ते म्हणतात, यूनुस अतिशय कर्तव्यदक्ष माणूस होता. शेवटच्या क्षणापर्यंत त्याच्या मनात फक्त काम होतं."

कोचांवरून टाळ्या सुरू झाल्या. मस्कतचे साहेब, त्यांच्यामागचे इंजिनिअर, हॅल्वर्सन सर्वांत जोरात, डोळे पुशीत.

सतरंज्यांवर कुणीही हललं नाही. ओळीमागून ओळ, सिमेंट आणि डांबराने फुटलेले हात गुडघ्यांवर तसेच होते.

शेख सुलेमानांनीही टाळी वाजवली नव्हती. तरुणपणी मुंबईच्या धक्क्यावर खजुराच्या गोण्या उतरवता उतरवता शिकलेली हिंदी त्यांच्या तोंडात अजून टिकून होती. ते काठीवर पुढे झुकले आणि माइकशिवाय, पण मागपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "किसने भेजा?"

रामकृष्ण प्रशांतकडे वळला नाही. "फोन इसने किया," तो म्हणाला. मग कोचाकडे, हॅल्वर्सनकडे पाहून, "हुकूम उसका था."

प्रशांतचा माइक हळूहळू खाली आला. टाळ्या एकेक करून विरत गेल्या. हॅल्वर्सनचे तळवे एकमेकांपासून वीतभर अंतरावर थांबले होते, आणि ओठांवरचं हसू तसंच ठेवून, आता काय म्हटलं हे कुणीतरी आपल्याला सांगेल म्हणून, तो एकेका चेहऱ्याकडे पाहत होता.