खोक्यातून निघाली तशी

आमच्या घरात सायकलींना तोटा नाही, पण आपली म्हणावी अशी एकही नाही. येतात, महिना-दीड महिना बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून राहतात आणि पुन्हा खोक्यात बसून जातात. माझा नवरा एका मासिकासाठी सायकली तपासतो. बाजारात नवी सायकल आली की ती आधी त्याच्याकडे येते. तो ती चालवतो, तिचं वजन करतो, चक्रांचे दात मोजतो आणि ती घ्यावी की घेऊ नये ते दोन पानांत लिहितो. घरातलं मीठ संपलंय हे त्याला सांगावं लागतं, पण कुठल्या पेडलचं वजन किती हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. मासिकातले लोक त्याला ‘काटा’ म्हणतात, वजनाचा काटा. मीही म्हणते, फक्त माझा सूर वेगळा असतो.

या खेपेला त्याच्याकडे आली ती स्वस्तातली रोड बाइक, म्हणजे रस्त्यावर वेगात चालवायची सायकल, खास नवशिक्यांसाठी काढलेली. आता वाचकांची जुनी तक्रार होती की काट्यासारखा मुरलेला माणूस नवशिक्यांच्या सायकलीवर बसतो, मग त्याला नवशिक्यांचं दुखणं कसं कळणार? संपादकांनी सांगितलं, या वेळी खराखुरा नवशिका शोध. त्या संध्याकाळी मी कामावरून येऊन चपला काढत होते, तर हा दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता. लग्नानंतर इतकं निरखून त्याने मला क्वचितच पाहिलं असेल. मला वाटलं, केसांना काही लागलंय.

मी हो म्हटलं ते सायकलीच्या प्रेमापोटी नव्हे. मी एका लॅबमध्ये रक्त काढते. उपाशीपोटी येणाऱ्यांची रांग उजाडायच्या आत लागते आणि नेमकी माझी पहाटेची बस नुकतीच बंद झाली होती. पुढच्या बसने गेलं की उशीर ठरलेला. लॅबच्या बाईंनी मला दोनदा समजावून आणि एकदा न समजावता सांगितलं होतं की असंच चाललं तर सुई काढून घेईन आणि लेबलांच्या टेबलावर बसवीन. लेबलांचं टेबल म्हणजे नळ्यांवर नावं चिकटवायची, दिवसभर, भिंतीकडे तोंड करून. मला दुसरं काही फारसं येत नाही, पण शीर सापडते. ज्यांच्या हातात कोणालाच सापडत नाही त्यांच्याही हातात सापडते. ते काम गेलं असतं तर मी खचले असते, हे सरळच सांगते.

खोकं आलं. त्याने ती सायकल जोडली आणि माझ्या कपाटातून नेलपॉलिशची बाटली मागितली. कोणाच्या तरी लग्नात मी लाल नेलपॉलिश लावलं होतं, त्यानंतर ती बाटली तशीच पडून होती. आमच्या कामात नखं साधी ठेवावी लागतात. त्याने प्रत्येक स्क्रूवर लाल ठिपका दिला, अर्धा स्क्रूवर, अर्धा बाजूच्या लोखंडावर. कोणी स्क्रू फिरवला की ठिपका तुटतो आणि कळतं. हा त्याचा नियम आहे, आणि तो नियम त्याला जिवापाड प्रिय आहे: सायकल खोक्यातून जशी निघेल तशीच चालवायची, तपासणी संपेपर्यंत काहीही बदलायचं नाही. गिऱ्हाइकाला घरी मेकॅनिक मिळतो का, असं तो विचारतो. दुसरे तपासणारे गुपचूप सीट सरकवतात, ब्रेक नीट करतात आणि मग वाहवा लिहितात. हा त्यातला नाही. प्रामाणिकपणात त्याचा हात कोणी धरणार नाही. त्याचा त्रास फक्त शेजारी बसणाऱ्याला होतो.

सायकल दिसायला छान होती. निळी, सडपातळ, आणि हँडल एडक्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. लहानपणी भावाची सायकल चालवली होती तेवढंच, त्यामुळे मागच्या मैदानात मी दोनदा पडले. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या थोरल्या जाऊबाई गॅलरीतून बघत होत्या. त्यांनी विचारलं, हे वजन कमी करायला चाललंय का. मी म्हटलं, नाही, ह्यांचं वजन वाढवायला. चौथ्या दिवशी मी रस्त्यावर आले आणि त्यानंतर रोज पहाटे दिवा लावून निघायला लागले. अंधारात उठायचं जिवावर यायचं, मांड्या भरून यायच्या, पण लॅबमध्ये मी वेळेवर पोचत होते, आणि उताराला लागल्यावर, खोटं कशाला बोलू, मजाही यायची.

संध्याकाळी चौकशी व्हायची. मी भाजी चिरत असायची आणि तो समोर बसून विचारायचा. चढावर गिअर अडकला का? चेन वाजली का? खड्ड्यात गेल्यावर मागचं चाक कसं वाटलं? मी उत्तरं द्यायची, तो लिहून घ्यायचा. सबंध दिवसात आमचं एवढं बोलणं तर कधीच होत नव्हतं, पण ते सायकलीबद्दल होतं. तू दमलीस का, हे काही त्याच्या प्रश्नांत नव्हतं. माझंही तसंच, मीही त्याला विचारत नव्हते. दोघंही संध्याकाळपर्यंत पार पिळून निघालेलो असायचो आणि ज्याचं त्याचं थकणं ज्याने त्याने गिळायचं अशी घराला सवय झाली होती.

हातांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा मी तेही गिळलं. सीटचं टोक जरासं खाली झुकलेलं होतं, त्यामुळे मी पुढे घसरत राहायची आणि सगळा भार तळव्यांवर यायचा. ब्रेकचा दांडा लांब होता, बोटं ताणूनच तो हाती लागायचा. आधी करंगळी बधिर व्हायची, मग तिच्या शेजारचं बोट, मग हळूहळू सगळा पंजा. लॅबमध्ये पोचले की मी कोमट पाण्याखाली हात धरायची, थोड्या वेळाने बरं वाटायचं. नंतर नंतर तेही होईना. सकाळची पहिली काही माणसं मी नुसत्या अंदाजावर निभावून नेली.

त्याला सांगितलं नाही, त्याला कारण होतं. माझी खात्री होती की तो म्हणेल, मग ही सायकल नवशिक्यांना चालत नाही, तपासणी संपली. तसं लिहून तो ती खोक्यात घालून परत पाठवील. पुढे बस नाही, सायकल नाही, आणि मी लेबलांच्या टेबलावर. म्हणून त्याने विचारलं, काही त्रास? की मी म्हणायची, छे, मस्त आहे. आणि तो लिहायचा, मस्त.

लॅबमध्ये एक निवृत्त मास्तरीणबाई दर आठवड्याला येतात. रक्त पातळ राहावं म्हणून त्यांची गोळी चालू आहे, त्याची तपासणी असते. हात म्हणजे नुसती काडी, आणि शिरा खोल, दिसत तर मुळीच नाहीत. त्यांच्या शिरा मी डोळ्यांनी शोधतच नाही. दंडाला रबरी पट्टा बांधते, कोपराच्या खळीत तर्जनी ठेवते आणि थांबते. थोड्या वेळाने बोटाखाली काहीतरी हलकेच उसळी घेतं. मास्तरीणबाई दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. बाकीच्या मुली त्यांना घाबरतात, कारण त्या वर्गात बोलावं तशा बोलतात.

त्या सकाळी मी त्यांच्या हातावर बोट ठेवलं आणि काहीच लागलं नाही. बोट माझंच होतं, पण लाकडाचं असल्यासारखं. मी दाबून पाहिलं, जागा बदलली, मग मनाशी ठरवलं की इथेच असणार, आणि सुई घातली. नळीत काही आलं नाही. दुसरा हात घेतला. तिथेही नाही, वर कातडीखाली निळं पसरायला लागलं. मास्तरीणबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त बाही खाली ओढली आणि विचारलं, “बरं नाही का गं तुला?”

तिसऱ्यांदा लॅबच्या बाईंनी स्वतः काढलं. नंतर मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, सध्या लेबलांवर बस, मग बघू. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. मी भिंतीकडे तोंड करून बसले. नावाची पट्टीसुद्धा बोटांना नीट सुटी करता येत नव्हती.

संध्याकाळी मी सायकल आत घेतली, भिंतीला टेकवली आणि तिथेच जमिनीवर बसले. नवरा कागद घेऊन आला. त्याने विचारलं, आज ब्रेक कसा लागत होता. एरवी माझ्या अंगाचा तिळपापड झाला असता. पण त्या दिवशी चिडायलाही ताकद नव्हती. मी सगळं सांगितलं, करंगळीपासून मास्तरीणबाईंच्या हातावरच्या निळ्या डागापर्यंत, एका सुरात, त्याच्याकडे न बघता.

तो ऐकत होता. मग म्हणाला, “म्हणजे दांडा लांब पडतोय. हे लिहायला हवं.”

“लिही,” मी म्हटलं. “रायडरची नोकरी गेली, असंही लिही. वजन किती कमी झालं तेही घाल.”

त्याने कागद खाली ठेवला. मग हळूच, शाळेतल्या मुलाने चूक सांगावी तसं, त्याने सांगितलं की ब्रेकच्या दांड्याजवळच्या रबराखाली एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की दांडा जवळ येतो. सीटही सपाट करता येते. दहा मिनिटांचं काम.

“या सायकलीला आहे तो स्क्रू?”

“जवळजवळ सगळ्यांना असतो.”

“आणि तुला ठाऊक होतं.”

“तू म्हणालीस, मस्त आहे.”

मी म्हणालेच होते. पण मला दिसलं की त्याचं त्याला कळलंय. तो रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसत होता, मी सुरी कशी धरते ते त्याच्या डोळ्यांपुढे होतं. चेनचा आवाज मी नुसता तोंडाने सांगितला तरी दोष ओळखणारा माणूस तो. न बघण्याचं कारण एकच, तो सायकल तपासत होता.

तो उठला आणि मोजपट्टी घेऊन आला. मला सायकलीजवळ उभं करून माझा हात त्याने हँडलवर ठेवला, बोटं ब्रेककडे ताणायला सांगितली, आणि मोजायला वाकला. मग मोजपट्टी तशीच राहिली. माझा पंजा त्याने आपल्या पंजावर ठेवला. माझी बोटं त्याच्या शेवटच्या पेरापर्यंतही पोचत नव्हती.

“एवढासा हात आहे तुझा?” तो म्हणाला.

“कालपर्यंत काय मोठा होता?” असं मी म्हणायला गेले आणि मध्येच रडायला लागले. दमून येतं ते रडू. त्यात त्याच्यावरचा राग होता, स्वतःवरचाही होता. त्याने माझा हात काही सोडला नाही, एवढं खरं.

मग त्याने रबर मागे सारलं, चावी लावली आणि फिरवली. लाल ठिपका तडकला, त्याचा कपचा फरशीवर पडला. मग दुसऱ्या बाजूचा. मग सीटखालचा. मी म्हटलं, तुझी तपासणी? त्याने मान न वळवता सांगितलं, “बाद.” इतक्या वर्षांत त्याने एकही तपासणी बाद केली नव्हती, तापात असतानाही नाही. चावी फिरवताना त्याचा चेहरा दात काढायला बसलेल्या माणसासारखा झाला होता, आणि माझ्या डोळ्यांत पाणी असताना मला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी संपादकांचा फोन आला. मी आत चहा करत होते, त्याचं बोलणं कानावर पडत होतं. पुढच्या अंकाची पानं रिकामी राहणार म्हणून ते वैतागलेले असावेत. हा शांतपणे सांगत होता की खोक्यातून निघते तशी ही सायकल नवशिक्याला देऊ नये, एवढं एकच वाक्य छापा, बाकी काही माझ्याकडे नाही. मग त्यांनी सायकल कधी परत पाठवतोस असं विचारलं असणार.

“ती परत येणार नाही,” तो म्हणाला. “कंपनीला कळवतो, विकत घेतोय म्हणून. ती माझ्या बायकोची आहे.”

फोन ठेवून तो आत आला आणि मीठ संपलंय का बघायला लागला.

बोटं लगेच काही सुधारली नाहीत. मी भिंतीकडे तोंड करून लेबलं लावत राहिले, आणि संध्याकाळी नवरा प्रश्न विचारत राहिला, पण आता आधी हात पुढे करायला सांगायचा. एकेका बोटाचं टोक दाबून विचारायचा, कळतंय का? करंगळीची जाण सगळ्यांत शेवटी परत आली. ज्या दिवशी ती आली त्या दिवशी मीच लाल बाटली काढली आणि फिरवलेल्या प्रत्येक स्क्रूवर नवा ठिपका दिला. हे आता हलवायचे नाहीत असं त्याला बजावलं.

पुढच्या खेपेला मास्तरीणबाई आल्या तेव्हा मी लेबलांच्या टेबलावरच होते. खुर्चीत बसून त्यांनी बाही वर केली नाही. लॅबमधली एक मुलगी समोर पट्टा घेऊन उभी होती. “ती कुठाय?” त्यांनी विचारलं. लॅबच्या बाईंनी काहीतरी समजावलं. मास्तरीणबाई म्हणाल्या, “मग मी थांबते.” आणि पर्स मांडीवर घेऊन बसून राहिल्या. मागे रांग वाढायला लागली. शेवटी बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली, एकदाच म्हणून.

मी हात धुतले, पुसले, पट्टा बांधला. जुना डाग पिवळा पडत चालला होता. मी त्याच्याजवळ तर्जनी ठेवली आणि डोळे मिटले. आधी काहीच नव्हतं. मी थांबले. मागे कोणीतरी खोकलं, कोणीतरी किती वेळ म्हणालं. आणि मग बोटाखाली, खोल, काहीतरी हलकेच उसळलं.

“सापडली?” मास्तरीणबाईंनी विचारलं.

“सापडली,” मी म्हटलं. पण डोळे भरून आल्याने सुई दिसेना, म्हणून बोट न हलवता मी तशीच उभी राहिले, आणि त्यांनीही हात काढून घेतला नाही.